बुडखे काढणाऱ्या यंत्रासाठी हलता आडोसा

परभणी जिल्ह्यातील काळ्या, भारी जमिनीत बांधावरची बाभूळ ही शेतकऱ्याची जुनी सोबतीण होय. औताचे लाकूड, शेळ्यांसाठी शेंगा, कुंपणासाठी काट्या असे तिचे उपयोग अनेक आहेत. मात्र झाड तोडल्यानंतर जमिनीत राहिलेला बुडखा तितकाच उपद्रवी ठरतो. त्यात वखराची पास अडते, तिफणीचा फण मोडतो आणि ट्रॅक्टरच्या नांगरालाही धक्का बसतो. पूर्वी असा बुडखा भोवती खणून, मुळ्या तोडून काढीत किंवा जाळून टाकीत. जेसीबीने उपटल्यास काम लवकर होते खरे. पण मोठा खड्डा पडतो, खालची चुनखडीची माती वर येते आणि बांध ढासळतो. म्हणून दात बसविलेल्या फिरत्या चाकाने बुडखा जागच्या जागी कुरतडून टाकणारे यंत्र सोयीचे ठरते. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या व्हर्मीअर कारखान्याने १९५० च्या दशकात अशी यंत्रे बाजारात आणली. ट्रॅक्टरवर चालणारे व लहान इंजिनाचे असे दोन्ही प्रकार आज मिळतात.

या यंत्राचा धोका त्याच्या चाकाच्या वेगात आहे. ४५ सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटास १,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर होतो. या वेगाने सुटलेला दगड, हवेचा विरोध धरला नाही तर, पन्नास मीटरहून अधिक दूर जाऊ शकतो. अशा ५० ग्रॅमच्या खड्याचा आघात एक किलोचे वजन जवळजवळ दीड मीटर उंचीवरून पडावे तेवढा असतो. डोळ्यावर तो बसला तर काय होईल, हे सांगावयास नको. बाभळीची ढलपी हलकी असली तरी तिची धार वाईट असते.

मळणीयंत्रात हात सापडून मजूर पंगू होण्याचे प्रकार घडत. अशा अपघातांना आळा घालण्यासाठी १९८३ साली धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम करण्यात आला. परंतु मळणीयंत्राचा धोका मुख्यतः त्याच्या तोंडाशी असतो, म्हणून तेथील संरक्षण यंत्रालाच जोडता येते. बुडखा काढणारे यंत्र उघड्या जमिनीत काम करते. त्याला कारखान्याने दिलेली रबरी झालर आवश्यक आहेच. तथापि चाक आडवे फिरविताना कडेने जे उडते, ते तिने पुरते अडत नाही. त्यासाठी भोवती वेगळा आडोसा उभारावा लागतो.

पुष्कळ ठिकाणी हाताशी आहेत म्हणून घराचे जुने पत्रे उभे केले जातात. ही सवय सोडून द्यावी. कडक पत्र्यावर आदळलेला दगड तितक्याच जोमाने उलटतो, आणि तो बहुधा यंत्र चालविणाऱ्याकडेच येतो. शिवाय वावटळीत पत्रा उडाला तर तो स्वतःच शस्त्र बनतो. केवळ शेडनेटही पुरेसे नाही. ढलपी त्यात अडकेल, दगड मात्र ते फाडून जाईल. आडोशाचे मर्म असे की, पुढचा थर सैल लोंबता असावा, म्हणजे आघाताचा जोर त्यात जिरतो. आणि त्यामागे न फाटणारी जाळी असावी.

गावातील सुतार किंवा लोहार असा आडोसा सहज करून देऊ शकेल. सुमारे १.८ मीटर रुंद व १.५ मीटर उंच अशा तीन चौकटी जाड बांबूच्या किंवा लोखंडी अँगलच्या कराव्यात व त्या बिजागरीने जोडाव्यात. चौकटीच्या बाहेरील अंगास एक इंच घराची वेल्डेड तारजाळी ताणून बांधावी. यंत्राकडील अंगास बारदानाचे दोन पदर वरच्या दांडीला अडकवून सैल सोडावेत. ते खाली बांधू नयेत. वरची ४० सेंटिमीटर पट्टी बारदानाऐवजी बारीक छिद्रांच्या लोखंडी जाळीची ठेवावी, म्हणजे पलीकडे कोणी आले तर दिसते. बहुतेक ढलप्या जमिनीलगत सुटतात. त्यामुळे सर्वांत खाली जुन्या टायरच्या ट्यूबचे किंवा रबरी पट्ट्याचे पडदे जमिनीला टेकतील असे लावावेत. हा तळाचा पडदा विसरला तर वरचा सर्व खर्च वाया जातो.

प्रत्येक चौकट दोन माणसांना उचलता येईल इतकीच जड असावी. हे काम बहुधा चैत्र-वैशाखात, शेते मोकळी असताना निघते आणि त्याच दिवसांत दुपारचा वारा सुटतो. म्हणून पायांना मागे तिरके टेकू देऊन त्यांवर मातीने भरलेली पोती ठेवावीत. दाताखाली दगड आल्यास ठिणगी पडते. बारदान ओले ठेवावे व पाण्याची घागर जवळ असावी. वारा फार असेल तर काम सकाळी उरकणेच बरे.

तीन चौकटी अर्धवर्तुळाकार उभ्या करून चालकाच्या पाठीमागची बाजू मोकळी ठेवावी. संकटात त्याला मागे सरता आले पाहिजे. त्या मोकळ्या बाजूस तीस मीटरपर्यंत माणूस वा जनावर नसावे. चालकाला चष्मा, कानाचे संरक्षण व जाड बूट हवेतच.

गोदाकाठच्या खोल काळ्या मातीत दगड कमी असले तरी बांधावर वेचून टाकलेले धोंडे व कुंपणाच्या तारेचे तुकडे असतात. जिंतूरकडील डोंगराळ, मुरमाड जमिनीत तर प्रत्येक मुळीखाली खडा सापडावयाचा. प्रथम कुदळीने बुडख्याभोवतीची वीतभर माती उकरून दगड बाजूस काढावेत. तेथे हद्दीचा दगड असेल तर शेजाऱ्याला बोलावून, त्याच्या समक्षच यंत्र लावावे. हद्दीचा वाद ढलपीच्या जखमेपेक्षाही अधिक काळ चिघळतो. आंबा, चिंच, जांभूळ, मोह यांसारख्या अनुसूचित वृक्षांची तोड करण्यापूर्वी मात्र १९६४ च्या अधिनियमान्वये परवानगी घ्यावी लागते.

आडोशाच्या आत साचलेला भुसा एकाच ठिकाणी मिळतो, हा त्याचा आणखी एक लाभ. तो ताजा असताना शेतात गाडू नये. कुजताना तो जमिनीतील नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. फळझाडांच्या आळ्यात, खोडापासून थोडा दूर, आच्छादन म्हणून तो पसरावा. काम संपल्यावर बारदान झटकून, वाळवून गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवावे. जमिनीवर ठेवलेले बारदान उंदीर कुरतडतात, व त्यास पडलेली भोके पुढच्या वर्षी यंत्र सुरू झाल्यावरच दिसतात.