चूल आणि चोपडी

मुंबईतील परळ, लालबाग, चिंचपोकळी या परिसरास लोक 'गिरणगाव' म्हणत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये त्या गिरणीत सूत निघू लागले. पुढे एकामागून एक गिरण्या उभ्या राहिल्या. कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे पोटासाठी मुंबईस आली. त्यांच्या हातांना काम मिळाले. परंतु शहरात संसार थाटण्याइतकी जागा व मिळकत फार थोड्यांपाशी होती. पुष्कळांची बायकामुले गावीच राहत आणि चाळीतील एकेका खोलीत अनेक पुरुष मिळून दिवस काढीत. एक पाळी कामावर गेली, की रातपाळीहून आलेले लोक त्याच जागेवर अंथरूण पसरीत.

अशा माणसांना दोन वेळचे जेवण कोण देणार? हे काम गिरणगावातील खानावळवाल्या बायकांनी पत्करले. त्यांपैकी कोणी विधवा होती, कोणाचा नवरा आजारी होता, तर कोणाच्या घरी एकाच्या पगारात सर्वांचे भागत नव्हते. दुकान घेण्यास पैसा नव्हता आणि जवळ शिक्षणही नव्हते. परंतु स्वयंपाकाचे ज्ञान होते व कष्टांची तयारी होती. चाळीतील लहानशी खोली हेच त्यांचे घर आणि तोच त्यांचा कारखाना.

हा कारखाना गिरणीच्या भोंग्याच्या आधी सुरू होई. पहिल्या पाळीच्या कामगारास सकाळी लवकर निघावे लागे. म्हणून बाई त्याच्याही आधी उठे. पाणी भरणे, पीठ मळणे, भाकऱ्या किंवा चपात्या भाजणे, भाजी-आमटी करणे, डबे भरणे, एवढे उरकते न उरकते तोच रातपाळीचे लोक जेवावयास येत. ते उठले, की भांड्यांचा ढीग, बाजारहाट आणि निवडणे-टिपणे. दुपार कलली, की संध्याकाळच्या स्वयंपाकाची तयारी. याच खोलीत मुलांचा अभ्यास होई आणि आजाऱ्याची खाटही याच खोलीत असे.

इतके श्रम करूनही यांतील पुष्कळ बायकांच्या हाती पैसा का उरत नसे? त्याचे कारण उधारीच्या साखळीत होते. गिरणीचा पगार महिन्यातून एकदा होई. म्हणून जेवणाचे पैसेही महिन्याच्या शेवटी मिळत. पण चूल तर रोज पेटवावी लागे. धान्य, तेल, मीठ, मिरची यांसाठी बाईला वाण्याकडे उधारी करावी लागे. उधारीने घेणारा गिऱ्हाईक भावाविषयी घासाघीस करू शकत नाही. एखादा कामगार पैसे न देताच गावी निघून गेला, तर त्याच्या जेवणाचा भार बाईवरच पडे. मग भांडी किंवा अंगावरचा दागिना गहाण पडे, नाहीतर सावकाराचे दार ठोठवावे लागे.

सावकारी व्याज म्हणजे काय, हे एका उदाहरणाने कळेल. समजा, एखाद्या बाईने दरमहा शेकडा १० रुपये व्याजाने ५०० रुपये घेतले. तिला दरमहा ५० रुपये, म्हणजे वर्षाकाठी ६०० रुपये केवळ व्याजापोटी द्यावे लागतील. आणि मूळचे ५०० रुपये जसेच्या तसे अंगावर राहतील. हेच ५०० रुपये दरसाल शेकडा ४ रुपये व्याजाने मिळाले, तर वर्षाचे व्याज अवघे २० रुपये होईल. दोन्ही वेळा बाईचे श्रम तेच, चूल तीच आणि भाकरीही तीच. फरक पडतो तो भांडवल कोणत्या अटीवर मिळाले यामुळे!

१९६९ मध्ये देशातील १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७२ मध्ये गरिबांना दरसाल ४ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना निघाली. तथापि चाळीतल्या बाईला बँकेची पायरी चढणे सोपे नव्हते. तिच्यापाशी तारण नव्हते, जामीन राहणारा धनवान आप्त नव्हता आणि पुष्कळ जणींना सहीदेखील करता येत नव्हती.

ही अडचण गिरणी कामगारांच्या चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी जवळून पाहिली. कामगारांना जेवू घालणारी बाई स्वतः कामगारच आहे, ही गोष्ट त्यांनी ओळखली. १९७५ मध्ये त्यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले. बायकांचे लहान लहान गट झाले. एकीच्या कर्जास गटातील इतर बायका हमी राहू लागल्या. एकीने हप्ता चुकवला, तर सर्वांच्या शब्दाला बाध येई. म्हणून प्रत्येक जण हप्त्याची आठवण ठेवी आणि अडलेल्या मैत्रिणीस हात देई. जिच्यापाशी सोने नव्हते, तिच्यापाशी शेजारणींचा विश्वास होता. तोच तारण ठरला.

पूर्वी हिशेब वाण्याच्या चोपडीत असे आणि तो म्हणेल तो आकडा खरा मानावा लागे. आता स्वतःच्या कर्जाचा व हप्त्यांचा हिशेब बाईला स्वतः समजून घ्यावा लागला. चुलीला अशी चोपडीची जोड मिळाली. प्रेमा पुरव यांच्या या कार्याबद्दल भारत सरकारने २००२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविले.

घरातील कलेवर उद्योग उभा करण्याचा आणखी एक प्रयोग मुंबईत याच्याही आधी झाला होता. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. त्यांचे भांडवल होते उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड तयार झाले. उद्योगात तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. पहिल्या वर्षी ६,१९६ रुपयांची विक्री झाली. हाच उद्योग पुढे 'लिज्जत पापड' या नावाने देशभर पोहोचला. भिजवलेले पीठ घरी न्यावे, पापड लाटून वाळवावेत, ते केंद्रावर आणून द्यावेत व वजनाप्रमाणे मजुरी घ्यावी, अशी तेथील रीत. येथे लाटणारी बहीण नुसती मजूर नसते. ती संस्थेची मालकीणही असते आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. पहिल्या सात जणींपैकी एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ मध्ये 'पद्मश्री' मिळाली.

एकमेकींच्या आधाराची खरी कसोटी संकटकाळी लागते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पगार थांबले, असंख्य कामगार गावी परतले. पुढे अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. भोंगा थांबला, तशी खानावळींची पंगतही विरळ झाली. चुलीचे भवितव्य गिरणीच्या धुराड्याशी किती घट्ट बांधलेले होते, हे तेव्हा साऱ्यांस कळले. एकट्या बाईस त्या वेळी वाट सापडणे कठीण होते. संघटित बायकांना निदान एकत्र बसून विचार करता येत होता. अन्नपूर्णा मंडळाने खाद्यपदार्थ तयार करून पुरविण्याचे कामही हाती घेतले.

स्वावलंबन म्हणजे कोणाचीही मदत न घेणे, असा त्याचा अर्थ पुष्कळदा केला जातो. गिरणगावच्या खानावळवाल्यांनी आणि गिरगावच्या पापडवाल्या भगिनींनी त्याचा अधिक खरा अर्थ दाखविला. त्यांनी कर्ज घेतले, पण ते फेडले. त्यांनी आधार घेतला, पण तो दिलाही. आपल्या श्रमाचे मोल ओळखणे, त्याचा चोख हिशेब ठेवणे आणि आपल्याबरोबर शेजारणीलाही उभे करणे, हेच स्वावलंबन होय. घराघरांत आजही पहाटे कोणीतरी सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या नंतर जेवते. त्या कष्टांना पगारपत्रक नसते. म्हणून ते काम नव्हे, असे कोण म्हणेल?