कुत्र्याचें पाऊल आणि घरांतील फरशी

गोंदियाहून डोंगरगडाकडे जाणारी आगगाडी सालेकसा सोडून पुढें निघाली कीं रान दाट होऊं लागतें आणि दरेकसा हें लहानसें स्थानक येतें. हाजरा धबधबा किंवा कचारगडच्या गुहा पाहावयास जाणाऱ्यांस तें परिचयाचें असेल. आमच्या मावसबंधूंनीं नोकरी संपल्यावर या गांवीं नवें घर बांधलें. वडिलार्जित घराची सारवलेली जमीन जाऊन तेथें आरशासारखी चकाकणारी लादी आली. वास्तुशांतीस जमलेल्या आम्हां सर्वांस तींत आपापलीं तोंडें दिसलीं, आणि आम्हीं तोंड भरून स्तुति केली. त्या स्तुतींत सामील झाला नाहीं तो एकटा मोत्या.

मोत्या हा त्यांचा दहा वर्षांचा गांवठी कुत्रा. उंबरठ्यावर उभा राहून तो आंत पाही, एक पाऊल टाकी आणि मागें घेई. मंडळींस त्याची गंमत वाटली. पुढें पावसाळा लागला. एके संध्याकाळीं ओल्या पायांनीं तो आंत धांवला आणि मागचे दोन्ही पाय फांकून पडला. त्या दिवसापासून तो लंगडूं लागला. वय झालें म्हणून असेल, अशा समजुतीनें सर्वांनीं महिनाभर दुर्लक्ष केलें. शेवटीं जनावरांच्या डॉक्टरांनीं पाहून सांगितलें कीं हाड शाबूत आहे, स्नायु दुखावला आहे. औषध देतों, पण पायांखालची जमीन आधीं बदला.

आमची सूचना अशी कीं, त्याला ओसरीवरच निजवावें. ती सूचना शहरी माणसाची होती. या रानांत बिबट्याचा वावर आहे. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोले भागांत बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला आहे. त्यांत वजनाच्या हिशेबानें सुमारें ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. रात्रीं कुत्रें बाहेर ठेवणें म्हणजे काय, हें रानाकांठच्या माणसास निराळें सांगावें लागत नाहीं. तेव्हां मोत्या घरांतच निजणार, आणि ज्या जमिनीवर तो निजणार ती त्याला उभें राहूं देत नाहीं, असा हा पेंच होता.

मनुष्य सबंध तळवा टेकून चालतो. कुत्रा बोटांवर चालतो. त्याच्या पायाखालच्या गाद्या जमिनीस चिकटून राहतात आणि जोर लागेल तेथें नखें मातींत रुततात. गुळगुळीत लादींत नख रुतत नाहीं. उलट तें वाढलेलें असेल तर आधीं तेंच टेकतें आणि गादीची पकड कमी होते. गाद्यांमधील केंस वाढले म्हणजे तेही मोज्यासारखे घसरतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या मागच्या पायांतील मांस झडलेलें असतें, त्यास फांकलेला पाय ओढून घेतां येत नाहीं. पिलांचीही काळजी घ्यावयास हवी. नॉर्वेंत मोठ्या जातींच्या सुमारें ५०० कुत्र्यांची पाहणी होऊन २०१२ सालीं ती प्रसिद्ध झाली. तींत पहिल्या तीन महिन्यांत जिने चढणाऱ्या पिलांत खुब्याचा सांधा बिघडण्याचा धोका अधिक, आणि मऊ जमिनीवर मोकळें हिंडणाऱ्यांत कमी आढळला.

मग घरांत घालावें तरी काय? “आमच्या सारवलेल्या जमिनीवर कोणता कुत्रा घसरत होता?” असें मावशींनीं विचारलें. प्रश्न बिनतोड होता. सारवणाचें प्रेम आम्हांसही आहे. तथापि गोचीड भेगांत अंडीं घालते व घरच्या घरीं तिची पैदास वाढते, आणि विष्ठेनें दूषित झालेल्या ओल्या मातींतून अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी माणसाच्या कातडींत शिरतात. रांगतें मूल असेल त्या घरानें याचा विचार करावा. बिनपॉलिशची शहाबादी किंवा कोटा फरशी पायास चांगली, पण हे दोन्ही चुन्याचे दगड. मूत्र त्यांत मुरतें, आणि डाग काढावयास लिंबू, व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड ओतलें कीं दगडच खाल्ला जातो. कोबा स्वस्त, पण तोही शोषून घेतो. लांकडी पट्ट्यांची जमीन आमच्याकडील पावसांत फुगते; तिचा मोह सोडावा.

आमचें मत खरखरीत पृष्ठभागाच्या व्हिट्रिफाइड लादीकडे झुकतें. ती अर्धा टक्काही पाणी शोषीत नाहीं. दोष असतो तो सांध्यांत. सिमेंटच्या सांध्यांत मूत्र मुरून वास राहतो, आणि त्या वासावर कुत्रा पुन्हां तेथेंच जातो. म्हणून सांधे अरुंद ठेवून एपॉक्सीनें भरावे. उग्र दर्प असलेल्या अमोनियाच्या द्रावणानें पुसूं नये, कारण कुत्र्यास तो मूत्राचाच वास वाटतो. फिनाईल वापरल्यास मागाहून साध्या पाण्यानें धुवून काढावें. ओल्या जमिनीवरून चालून कुत्रा तेच पाय चाटतो. लादी विकत घेतांना दुकानांत तीवर तांब्याभर पाणी ओतून अनवाणी चालून पाहावें. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें.

परंतु घातलेली लादी उखडणें आमच्या बंधूंच्या ऐपतीबाहेरचें होतें. शिवाय अर्ध्या घराचें कर्ज अजून फिटावयाचें होतें. त्यांनीं ओसरीवर तेवढी खरखरीत लादी बसविली. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तेथून मोत्याच्या जागेपर्यंत खालीं रबर असलेल्या, न सरकणाऱ्या काथ्याच्या पट्ट्या अंथरल्या. नखें दर पंधरा दिवसांनीं कापावयाचें काम धाकट्या पुतण्याकडे आलें. चकाकणाऱ्या दिवाणखान्यांत आतां तपकिरी पायवाट दिसते. वहिनींस ती प्रथम फार खुपली. पाहुणे येत त्या दिवशीं त्या ती गुंडाळून ठेवीत. मोत्या मग पाहुणे जाईपर्यंत उंबरठ्याबाहेर उभा राही.

गेल्या माघांत कचारगडच्या यात्रेच्या सुमारास आम्ही पुन्हां गेलों. घर पाहुण्यांनीं भरलेलें होतें, आणि पट्ट्या जागच्या जागीं होत्या. स्वयंपाकघराच्या दारांत मावशींनीं आडवी फळी लावली आहे; तिच्यापलीकडे सोवळें, अलीकडे मोत्याचा पट्टा, असा दोघांचा तह झाला आहे. रात्रीं मालगाडी धडधडत गेली तेव्हां तो उठला, पट्ट्यावरून दारापर्यंत सावकाश चालत गेला, कान टवकारून उभा राहिला, आणि त्याच वाटेनें परत येऊन फळीला पाठ लावून निजला.