युक्रेनमधील गुप्त धर्माधिकारी व साधनांचा प्रश्न

सनदेवांचून हक्क शाबीत होत नाहीं, असें आपणां दफ्तरें चाळणारांस वाटत आलें आहे. परंतु सनद लिहून ठेवणें हेंच जेथें धरपकडीचें कारण होतें, तेथें काय करावें? युक्रेनमधील ग्रीक-कॅथलिक पंथाचा १९४५ नंतरचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

या पंथाचे उपासनाविधि पूर्वेकडील बायझंटाईन रीतीचे, आज्ञा मात्र रोमच्या पोपची. हा संयोग १५९६ च्या ब्रेस्त येथील करारानें घडला. सोव्हिएट सरकारनें एप्रिल १९४५ त मुख्य धर्माधिकारी योसिफ स्लिपी व इतर बिशप यांस कैद केलें, आणि ८ ते १० मार्च १९४६ या दिवशीं ल्विव्ह येथें २१६ पाद्र्यांची सभा भरवून तो करार रद्द करविला. जींत स्वपंथाचा एकही बिशप नव्हता, तिला धर्मसभा म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तथापि तिचा वृत्तांत त्याच सालीं छापून निघाला. कागद जेत्याचा, हें आपल्याकडेही नवें नाहीं.

जे पाद्री वश झाले नाहींत, त्यांपैकीं पुष्कळ तुरुंगांत गेले. बाकीचे गुप्तपणें उपासना चालवूं लागले. या पंथांत पाद्र्यास दीक्षा बिशपच देतो, आणि बिशपास बिशपच मस्तकीं हात ठेवून अभिषेक करतो. ही साखळी तुटली कीं सर्वच संपलें. आपल्या गुरुपरंपरेशीं हें बरेंचसें जुळतें. स्लिपी १९६३ सालीं सुटले. रोमला जाण्यापूर्वीं ४ फेब्रुवारीस मॉस्कोंतील हॉटेलच्या एका खोलींत त्यांनीं वासिल वेलिचकोव्स्की यांस बिशप केलें. वेलिचकोव्स्की यांनीं १९६४ त वोलोदिमिर स्टेर्निउक यांस ल्विव्ह येथें गुप्तपणें तोच अधिकार दिला. वेलिचकोव्स्की १९६९ त पुन्हां पकडले गेले, १९७२ त देशाबाहेर घालविले गेले व १९७३ त कॅनडांतील विनिपेग येथें वारले. साखळी मात्र ल्विव्हमध्येंच राहिली.

अशा अभिषेकांस साक्षीदार थोडे, नोंदवही नाहीं. म्हणून संशोधकास दोनच वाटा उरतात. एक, ज्यांनीं पाठलाग केला त्या पोलिसांचें दफ्तर. तें समकालीन खरें. पण खबऱ्या आपली किंमत वाढविण्यास फुगवून लिहितो, हें ध्यानांत ठेवून वाचावें. दुसरी, ल्विव्ह येथील चर्च-इतिहास संस्थेनें १९९२ पासून वांचलेल्यांच्या ज्या जबान्या टिपल्या, त्या. यांत भक्तीचा रंग आहे, सालांची चूकही होते. परंतु कोणीं कोणाच्या मस्तकीं हात ठेवला हें म्हातारा पाद्री सहसा विसरत नाहीं. आमच्या मतें व्यक्तींच्या संबंधाकरितां जबानी व तारखेकरितां दफ्तर, असा क्रम धरावा. १ डिसेंबर १९८९ रोजीं या पंथाच्या मंडळ्यांस सरकारदरबारीं नोंदणी खुली झाली, तेव्हां ज्यांनीं पुढें होऊन आपला अधिकार सांगितला, त्यांपैकीं अनेकांजवळ दाखविण्यास एकही कागद नव्हता.