पाटणादेवीची सहल, पण पाणी सांभाळून

साहसी सहल म्हटली की मनाली आठवते आणि खर्च ऐकून बेत बारगळतो. आपल्या चाळीसगावपासून पाटणादेवी जेमतेम १८ किलोमीटर. गौताळा अभयारण्याचे जंगल, डोंगरवाटा, केदारकुंडाचा धबधबा. शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली की खर्च तो काय! दिवाळीनंतरचा गारवा चढणीला बरा.

मात्र माणशी दोन लिटर पाणी हवेच. मुले खेळण्याच्या नादात पाणी मागत नाहीत, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाने आपणच पाजावे. डोके दुखू लागले, चक्कर आली, लघवी गडद पिवळी झाली, तर सावलीत बसवून लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट-घोट द्यावे. कुंडात कोणालाही उतरू देऊ नये. शेवाळलेल्या खडकावरून पट्टीचा पोहणाराही घसरतो.

साप चावल्यास घट्ट आवळून बांधणे, चिरा देणे, मांत्रिक शोधणे, सगळे टाळावे. तो अवयव न हलवता रुग्णाला तडक चाळीसगावच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. यासाठीच भाड्याची गाडी दिवसभर थांबवून ठेवावी. काटकसर दुसरीकडे करता येते.