माहिती चौकट : वटार ते हिमउतार

वसई तालुक्यातील वटारला समुद्र शेजारी, बर्फ दूर. तरीही डोंगरातले स्कीइंग शिकू पाहणाऱ्या मुलीची तयारी घराजवळ सुरू होऊ शकते.

● पहिला सराव : तुंगारेश्वर, कामणदुर्गच्या चढणीवर पाठीवर वजन घेऊन चालणे. दम वाढतो, पाय बळकट होतात.

● प्रशिक्षण : मनालीची पर्वतारोहण संस्था (स्थापना १९६१) आणि गुलमर्गची केंद्र सरकारी संस्था स्कीइंगचे वर्ग घेतात. आखलेल्या स्की-उतारावरचे वळणे-थांबणे पक्के झाल्यावरच मोकळ्या उतारावर जावे.

● साधने : चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची पट्टी, हिमस्खलनासाठी संदेशयंत्र, शोधकाठी आणि फावडे. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वाधिक धोक्याचे. हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीसाठी पहिली १०-१५ मिनिटे निर्णायक असतात. म्हणून शोधाचा सराव सोबतिणींसह आधीच करावा.

● वाट दाखवणाऱ्या : १९८४ मध्ये एव्हरेस्ट सर करणाऱ्या बचेंद्री पाल यांनी पुढे प्रेमलता अगरवाल (२०११) आणि अरुणिमा सिन्हा (२०१३) यांना त्याच शिखरासाठी घडवले. २००९ मध्ये रीना कौशल-धर्मशक्तू स्कीवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०२२ मध्ये कांचनगंगा गाठून आठ हजार मीटरवरील पाचवे शिखर सर केले.

● मार्गदर्शक निवडताना : उतार का टाळला, मोहीम का थांबवली, याची कारणे ती सांगते का, ते पाहा. निर्णय घ्यायला शिकवते तीच खरी गुरू. अनुभवी गिर्यारोहक भगिनींनो, यंदा एका तरी मुलीला सोबत न्या.