महिन्याच्या महिन्याला ज्ञानाची शिदोरी

१८४० साली जन्मलेल्या दोन व्यक्तींनी मुलांना ज्ञान वाटण्यात आयुष्य घालवले. ब्रायटनची अराबेला बकली ही भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांची सचिव होती. पाणी, हवा, ऊन, कोळसा यांची ओळख मुलांना करून देणारे तिचे पुस्तक १८७९ मध्ये निघाले आणि खूप गाजले. दुसरे विनायक कोंडदेव ओक. गुहागरजवळच्या हेदवीत जन्मलेला हा माणूस मॅट्रिकपर्यंत शिकला, शिक्षक झाला आणि शिक्षण खात्यात वरच्या हुद्द्यापर्यंत पोचला. बकलीचे नाव इंग्रजी वाचकाला आजही सापडते. ओकांचे नाव मात्र मराठीच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कुणाला ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठी मुलांसाठी छापील पुस्तके ओकांच्या आधीही होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘बाळमित्र’ आणि इसापनीती १८२८ मध्येच मराठीत आणली होती. पण पुस्तक एकदा वाचून झाले की संपले. मुलांना दर महिन्याला नवे काही हवे, हे ओकांनी ओळखले आणि १८८१ मध्ये ‘बालबोध’ मासिक सुरू केले. छापखाना जावजी दादाजींचा निर्णयसागर. सुबक देवनागरी टाइपासाठी त्याचा लौकिक होता. मुलांच्या हाती दिलेले अक्षर इतके नेटके असावे, हा त्या मुलांचा केवढा मान!

एका अंकात काय असे? एका थोर व्यक्तीचे चरित्र, एक कविता, एक निबंध, एखादा शास्त्रीय विषय आणि शिवाय किरकोळ माहिती. ऐकायला साचेबंद वाटते. पण हाच साचा ओकांनी १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत, ३३ वर्षे सांभाळला. त्यातून चारशेच्या घरात चरित्रे, तितक्याच कविता आणि तितकेच निबंध तयार झाले. मराठीत चरित्रलेखनाचा पाया घालणाऱ्यांत ओकांचे नाव घेतात ते या खटाटोपामुळे. शिकंदर, वेलिंग्टन अशा परदेशी माणसांची चरित्रेही त्यांनी मराठीत लिहिली. कोकणातल्या मुलाला एरवी ही माणसे कुठे भेटणार होती?

ओकांची भाषा आज जड वाटते आणि उपदेशही ठायी ठायी आहे. त्या काळी मुलांचे पुस्तक म्हणजे नीतीचा पाठ, ही समजूत इंग्लंडातही होती. तरीही ओकांच्या नीतीला व्यवहाराची धार होती. ज्या वर्षी ‘बालबोध’ निघाले, त्याच वर्षी त्यांची ‘शिरस्तेदार’ ही लाचखाऊ अधिकाऱ्याची कथा आली. सरकारी नोकरीत राहून सरकारी कचेरीतल्या लाचखोरीवर लिहायला धाडस लागते.

ओकांचे मोठेपण शास्त्रीय लेखांत अधिक दिसते. शाळेत न शिकवल्या जाणाऱ्या गोष्टी मुलाने घरी बसून मराठीत वाचाव्यात, असे त्यांना वाटत होते. पुढे १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांच्या ‘आनंद’ मासिकाने मुलांसाठी अधिक खेळकर वाट धरली. पण माहितीची भूक ‘बालबोध’ने आधीच लावून ठेवली होती.

ही भूक आज अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या (एमआयडीसी) आसपास वाढणाऱ्या मुलांनाही आहे. कारखान्यात काय बनते, धुराड्यातून काय बाहेर पडते, सांडपाण्यावर प्रक्रिया कशी होते, बाबा पाळीवर जातात तिथे बॉयलर कसा चालतो, हे प्रश्न त्यांना रोज पडतात. त्यांची सोपी, खरी आणि चित्रांसह उत्तरे देणारी मराठी पुस्तके फार थोडी आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या कारखान्यांत आयुष्य काढलेले अभियंते, रसायनतज्ज्ञ आणि तिथल्या शाळांचे शिक्षक यांनी मिळून ‘बालबोध’सारखे एखादे मासिक काढावे. पहिल्या अंकासाठी विषय शोधायला त्यांना कंपनीच्या फाटकापलीकडे जावे लागणार नाही.