उपस्थाता : चिकित्सेच्या तिसऱ्या पादाकडे पाहताना

चिकित्सेचे चार पाद कोणते, असे बी.ए.एम.एस.च्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास विचारले तर तो भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी ही चार नावे एका दमात सांगतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात या प्रत्येक पादाचे चार-चार गुण दिलेले आहेत. त्यांतील भिषक् या पादासाठी आज महाविद्यालये आहेत, परीक्षा आहेत, नोंदणी आहे. द्रव्यासाठी प्रयोगशाळा आणि परवाने आहेत. रोग्यासाठी केसपेपर आहे. उपस्थात्यासाठी मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यात काय आहे, याचा प्रामाणिकपणे शोध घेतला, तर एक स्टूल, एक हजेरीपट आणि दरमहा ठरलेले वेतन, एवढेच हाती लागते.

नेतृत्व आणि व्यावसायिक विकास हे शब्द अलीकडे व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आपल्याकडे आले आहेत. त्या पुस्तकांतील बराचसा भाग मोठ्या कारखान्यांसाठी लिहिलेला असतो. तीन सहायक, एक परिचारिका आणि औषधाच्या काउंटरवर एक मुलगा, एवढ्या मनुष्यबळावर चालणाऱ्या चिकित्सालयास त्याचा उपयोग थोडाच. आपला प्रश्न लहान आहे, पण टोकदार आहे. वैद्य जागेवर नसताना त्याच्या दवाखान्यात काय घडते?

धंतोलीत व्यवसाय करणाऱ्यांस या प्रश्नाची धार विशेष जाणवते. मूळची ही बंगल्यांची शांत वस्ती. आज रुग्णालयाच्या भिंतीस रुग्णालय लागून आहे आणि येथील वाहनतळाचा व रहदारीचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. अशा वस्तीत आपण शिकवून तयार केलेला सहायक पन्नास पावलांवर दुसरी नोकरी मिळवू शकतो. त्यामुळे अनेक वैद्यबंधूंनी मनाशी एक सोपा निर्णय करून टाकला आहे : फार शिकवायचे नाही. हाताने करावयाचे तेवढे दाखवायचे, कारण सांगायचे नाही. कल्पाचे प्रमाण आपल्याजवळ ठेवायचे. मिश्रण आपण स्वतः करून द्यायचे. शिकवले की माणूस जातो, असा हा हिशेब आहे. हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तो रुग्णाच्या अंगावर येतो म्हणून त्याविषयी लिहिणे अगत्याचे वाटते.

चरकाने उपस्थात्याचे गुण सांगताना प्रथम उपचारज्ञता सांगितली, मग दाक्ष्य, त्यानंतर अनुराग आणि शेवटी शौच. वाग्भटाने अष्टांगहृदयात परिचारकाचे वर्णन अनुरक्त या शब्दाने सुरू केले. मालक म्हणून आपल्याला वाग्भटाचा क्रम आवडतो. निष्ठावंत माणूस कोणास नको? परंतु ज्याला ज्ञानच दिलेले नाही त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करणे म्हणजे चार गुणांपैकी एकच उचलून घेणे होय. शिवाय चरकाच्या वचनातील अनुराग ‘भर्त्या’विषयी आहे. हा भर्ता म्हणजे पोषण करणारा स्वामी की ज्याची शुश्रूषा करावयाची तो रुग्ण, याचे अर्थ दोन्ही प्रकारे लावले जातात. रुग्ण हा अर्थ घेतला तर आपल्या तक्रारीचा पायाच हलतो, हे जाता जाता नमूद करतो.

याच सूत्रस्थानातील पंधरावा उपकल्पनीय अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. वमन-विरेचन देण्यापूर्वी कोणती सिद्धता करावी, याची त्यात मोठी यादी आहे. घर कसे असावे, भांडी कोणती असावीत, येथपासून स्वयंपाक जाणणारे, स्नान घालणारे, अंग चोळणारे, रुग्णास उठवणारे-बसवणारे, औषध वाटणारे आणि गाणे-गोष्टी सांगून मन रमवणारेसुद्धा त्यात आहेत. अग्निवेश तेथे शंका काढतो की, वैद्य जाणता असेल आणि त्याने औषध योग्य रीतीने दिले तर सिद्धी मिळणारच; मग एवढा संभार आधी कशासाठी? आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा की, दोष, औषध, देश, काल, बल, शरीर यांच्या अवस्था इतक्या सूक्ष्म आहेत की त्यांचा विचार करताना निर्मळ बुद्धीही गोंधळते. म्हणून व्यापद उद्भवल्यास तिच्या प्रतिकाराची सिद्धता आधीच हवी. मला या संवादात नेतृत्वाचा सर्वांत उपयुक्त पाठ दिसतो. स्वतःच्या कौशल्यावर विसंबून न राहता भोवतालची माणसे आधी तयार ठेवणे, हे आचार्यांनी कमीपणाचे मानलेले नाही.

आता प्रत्यक्षाकडे येऊ. निरूह बस्तीचे मिश्रण घ्या. मध आणि सैंधव प्रथम खलात एकजीव करावयाचे, त्यात स्नेह थोडाथोडा घालीत घोटावयाचा, मग कल्क आणि सर्वांत शेवटी क्वाथ. हा क्रम बहुतेक सहायकांना पाठ असतो. पण तो असाच का, हे सांगितलेले नसते. ज्या दिवशी तीन रुग्ण एकदम येतात त्या दिवशी वेळ वाचवण्यासाठी सगळे एकाच भांड्यात ओतून ढवळले जाते. स्नेह वर तरंगतो, कल्क तळाशी बसतो आणि बस्ती द्रव्याची एकसंधता गेलेली असते. वैद्य पुढच्या भेटीत रुग्णाचा कोठा क्रूर की मृदू याचा विचार करीत बसतो. मध-सैंधवाने स्नेह धरून ठेवला जातो, म्हणून तो आधी घोटावयाचा, एवढे एक वाक्य खल हातात असताना सांगून दाखवले असते तर घाईच्या दिवशीसुद्धा हा क्रम मोडला नसता. कारण ठाऊक असलेला माणूस घाईत कोठे तडजोड करता येते आणि कोठे येत नाही हे ओळखतो. ज्याला केवळ कृती ठाऊक आहे त्याला सगळ्या पायऱ्या सारख्याच वाटतात.

काउंटरवरचा धोका याहून मोठा आहे. वैद्य बाहेर गेलेले असतात आणि जुना रुग्ण येऊन म्हणतो, ‘मागच्याच गोळ्या द्या.’ त्या गोळ्या आरोग्यवर्धिनीच्या असतील तर एक गोष्ट. अश्वकंचुकीच्या किंवा इच्छाभेदीच्या असतील तर दुसरी, कारण या दोन्हींत जयपाल आहे. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आणि हिंगूळ आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांत विषारी द्रव्यांची अनुसूची ‘ई-१’ आहे आणि ती द्रव्ये पोटात घ्यावयाच्या ज्या कल्पांत असतात त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना इंग्रजीत व हिंदीत छापावी लागते. ती ओळ आपल्या काउंटरवरील मुलास कधी वाचून दाखवली आहे काय? माझी सूचना अशी की, या वर्गातील सर्व कल्प वेगळ्या फळीवर, लाल पट्टी लावून ठेवावेत आणि वैद्याच्या त्या दिवसाच्या लेखी चिठ्ठीवाचून ते कोणासही, अगदी वैद्याच्या नातलगासही, देऊ नयेत. त्याचबरोबर त्या मुलास ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार सर्वांसमक्ष द्यावा. जुन्या, वयस्क रुग्णास नकार देणे एकोणीस-वीस वर्षांच्या मुलास सोपे नसते. नकार दिल्याबद्दल त्यास एकदा जरी बोलणी बसली तर पुन्हा तो कधीही नकार देणार नाही.

औषधनिर्माण करणाऱ्या वाचकांसाठी स्नेहपाकाचे उदाहरण अधिक जवळचे. कल्क बोटांत वळून त्याची वर्ती होते का, अग्नीवर टाकता तडतड होते का, तैलावर फेस येतो का, घृतावरचा फेस शमतो का, गंध-वर्ण उमटले का, ही सर्व लक्षणे आपण ग्रंथात वाचतो. कढईपाशी वीस वर्षे उभा असलेला कामगार मात्र ती कानाने आणि नाकाने जाणतो. तडतड म्हणजे आत जलांश शिल्लक आहे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. तो निवृत्त होतो तेव्हा हे ज्ञान त्याच्या डब्याबरोबर घरी जाते. अनुसूची ‘टी’ने २००० साली उत्तम निर्माणपद्धती लागू केल्यापासून प्रत्येक घाणीची नोंद ठेवणे आपणांस बंधनकारक आहे, पण ती नोंद बहुधा तपासणीसाठी लिहिली जाते. तापमान आणि वेळ यांच्या रकान्याशेजारी ‘काय पाहून विस्तव काढला’ असा एक रकाना जोडावा आणि तो कढईजवळच्या माणसाच्या शब्दांत, त्याला लिहिता येत नसेल तर त्याच्या तोंडून ऐकून, भरावा. दोन-तीन वर्षांत त्या रकान्यांतून नव्या माणसासाठी जे पाठ्यपुस्तक तयार होईल ते बाजारात विकत मिळणारे नाही.

निर्मिती, चिकित्सा आणि शिक्षण एकमेकांलगत ठेवणाऱ्या संस्था टिकल्या, हे आपल्या क्षेत्राच्या इतिहासात ठळकपणे दिसते. पी. एस. वारियर यांनी १९०२ साली कोट्टक्कल येथे आर्य वैद्य शाळा काढली आणि १९१७ मध्ये वैद्यकाची पाठशाळाही सुरू केली. पुण्यात ताराचंद रामनाथ रुग्णालय, १९३३ चे टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि १९३५ ची आयुर्वेद रसशाळा अशी एकमेकांस पूरक कामे उभी राहिली. आपल्या हनुमाननगरात श्री आयुर्वेद महाविद्यालयास लागूनच पकवासा समन्वय रुग्णालय आहे. आपले दवाखाने त्या मानाने चिमुकले. तरीही तीन खोल्यांच्या जागेत ही तिन्ही कामे चालतातच, केवळ शिक्षण या कामास आपण नाव दिलेले नसते.

वेळ कोठून आणावयाचा, हा आक्षेप ओघानेच येतो. नागपूरकरांस निसर्गाने तो वेळ नेमून दिला आहे. वैशाख-ज्येष्ठात पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळत असतो, आत्ययिक अवस्था वगळता शोधन आपण टाळतोच, आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते. पावसाळा लागला की बस्तीसाठी गर्दी सुरू होते. एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंतच्या आठ आठवड्यांत, आठवड्यातून दोन दुपारी तासभर बसले तरी सोळा पाठ होतात. सुश्रुताने योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याचा हात कोहळा, भोपळा, चामड्याच्या पिशव्या यांवर बसवून घेतला. आपणही सहायकांस प्रथम एकमेकांवर अभ्यंग करण्यास, रिकाम्या बस्तियंत्राने पाण्याचा सराव करण्यास लावावे. पहिल्या वर्षी स्नेहन-स्वेदन, दुसऱ्या वर्षी बस्ती, तिसऱ्या वर्षी वमन-विरेचनातील वेग, नाडी व रक्तदाब यांचे निरीक्षण, अशा पायऱ्या कराव्यात आणि प्रत्येक पायरीस वेतनवाढ जोडावी. शिकलेला माणूस जातो, ही तक्रार करणाऱ्यांपैकी किती जणांनी शिकल्यानंतर त्याचे वेतन वाढवले होते, याची चौकशी केली असता बहुधा शांतताच पसरते.

चुकांविषयी बोलण्याची रीतही ठरवावी लागते. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार आहेत. संधाय संभाषेत निःशंक बोलावे, निःशंक विचारावे, आपण हरू या भीतीने बिचकू नये आणि दुसऱ्यास हरवल्याचा आनंद मानू नये, अशा आशयाचे नियम आहेत. हे नियम समान विद्या असणाऱ्यांसाठी आहेत हे खरे, पण शनिवारी दुपारी सहायकांसोबत पंधरा मिनिटे बसताना ते जसेच्या तसे वापरता येतात. त्या पंधरा मिनिटांत प्रश्न एकच असावा : या आठवड्यात कोणती चूक होता होता राहिली? प्रथम मावशी बोलतील, मग परिचारिका. वैद्याने शेवटी बोलावे. वैद्य आधी बोलला की बाकीच्यांचे बोलणे संपते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

वैद्याच्या स्वतःच्या विकासासाठी वाटा पुष्कळ आहेत. १९८८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाने गुरुशिष्य परंपरेच्या पद्धतीने पदवीधरांना ज्येष्ठ वैद्यांच्या सान्निध्यात शिकण्याची सोय केली. इतके दूर जाणे सर्वांस शक्य नसते. पण एकाच गल्लीतील चार वैद्यांनी महिन्यातून एकदा आपापल्या न सुटलेल्या रुग्णांची चर्चा करण्यास कोणाची अनुमती लागत नाही. आपण स्पर्धक आहोत, ही अडचण खरी असली तरी न सुटलेला रुग्ण कोणाच्याच नफ्याचा नसतो.

कायद्याचा एक मुद्दा थोडक्यात. पंचकर्म कक्षात स्त्री सहायक व स्त्री रुग्ण असतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती नेमावी लागते. त्याहून कमी असल्यास जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती कक्षाच्या दारावर मराठीत लावलेली असावी.

राहिला जाणाऱ्या माणसाचा प्रश्न. तो जाणार असेल तर त्यास अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे. ‘येथे काम केले, वर्तणूक चांगली’ एवढ्या दोन ओळींचे नव्हे, तर कोणती कर्मे त्याने स्वतंत्रपणे केली, किती काळ केली, कोणती अद्याप देखरेखीखालीच करावीत, हे स्पष्ट लिहिलेले, आणि नोंदणी क्रमांकासह वैद्याच्या सहीचे. धंतोलीतील दहा दवाखान्यांनी जरी असा एकसारखा नमुना स्वीकारला तरी नवा सहायक नेमताना त्याच्या हातात काय आहे, हे मुलाखतीच्या दिवशीच कळू शकेल. आज ते कळायला दोन महिने आणि चार-दोन रुग्ण खर्ची पडतात. हा नमुना एका पानाचा असावा आणि पुढील बैठकीत तो चर्चेस ठेवावा, अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे.